‘मला माफ कर’ म्हणताना: शब-ए-कद्रच्या दुआचा अर्थ

प्रश्न: मी मराठी माध्यमात शिकले. कुरआन वाचता येतं, पण अरबी समजत नाही. रमजानच्या शेवटच्या दहा रात्रींत ‘अल्लाहुम्म इन्नक अफुव्वुन...’ ही दुआ आमच्याकडे सगळे म्हणतात. तिचा नेमका अर्थ काय? सत्ताविसाव्या रात्री ती ठरावीक वेळा म्हटली की वर्षभराचे गुनाह धुतले जातात, असं घरात सांगतात. ते खरं आहे का? दिवसभर रोजा, रात्री तरावीह, एवढं करून पुन्हा माफीच का मागायची? आणि एक. घराच्या हिश्श्यावरून माझं आणि भावाचं बोलणं बंद आहे. अशा मनाने ही दुआ म्हटली तर चालते का?

उत्तर:

अस्सलामु अलैकुम. बायकांच्या दर्समध्ये (धर्मशिक्षणाच्या वर्गात) मी बरीच वर्षं दुआ आणि त्यांचे अर्थ शिकवते आहे. तुमच्या प्रश्नांपैकी पहिले तीन मला दर रमजानमध्ये ऐकायला मिळतात. चौथा फार थोड्या जणी विचारतात. माझ्या मते तोच सगळ्यांत महत्त्वाचा आहे, आणि दुआचा अर्थ नीट कळला की त्याचं उत्तर त्यातूनच मिळतं. म्हणून आधी दुआ पाहू.

शब-ए-कद्र म्हणजे कद्रची रात्र, रमजानच्या शेवटच्या दहांमधली एक. तिची ही दुआ आपल्यापर्यंत प्रेषितांच्या पत्नी हजरत आयेशा (रजि.) यांच्यामुळे पोहोचली. त्यांनी प्रेषितांना (सल्ल.) विचारलं, ‘कद्रची रात्र कोणती हे मला कळलं, तर त्या रात्री मी काय म्हणू?’ उत्तर मिळालं: म्हण, ‘अल्लाहुम्म इन्नक अफुव्वुन तुहिब्बुल अफ्व फअफु अन्नी.’ ही हदीस (प्रेषितांच्या बोलण्या-वागण्याची नोंद) तिर्मिजी आणि इब्न माजा यांच्या संग्रहांत आहे आणि इमाम तिर्मिजी यांनी तिला ‘हसन सहीह’, म्हणजे विश्वासार्ह, म्हटलं आहे. काही छापील प्रतींत ‘अफुव्वुन’नंतर ‘करीमुन’ असा एक शब्द जास्त दिसतो. जुन्या हस्तलिखितांत तो नाही, त्यामुळे मी शिकवताना तो घेत नाही. कोणी म्हणत असेल तर त्याच्याशी वाद घालण्याचं कारण नाही, ‘करीम’ हेही अल्लाहचंच नाव आहे.

आता विचारणाऱ्या कोण आणि रात्र कोणती, हे डोळ्यांसमोर आणा. सूरह कद्र सांगते की ही रात्र हजार महिन्यांहून श्रेष्ठ आहे. हजार महिने म्हणजे 83 वर्षं आणि 4 महिने, माणसाचं अख्खं आयुष्य. अशी रात्र हाती लागली तर काय मागावं, हे घरातलं जवळचं माणूस विचारतंय. उत्तरात जन्नत मागायला सांगता आलं असतं, बरकत, आरोग्य, ज्ञान, काहीही. सांगितली ती एक ओळ, आणि त्या ओळीत मागणं एकच.

मराठीत सांगायचं तर: ‘हे अल्लाह, तू अफुव्व आहेस, माफ करणं तुला प्रिय आहे, म्हणून मला माफ कर.’

‘अल्लाहुम्म’ ही हाक आहे, हे अल्लाह. ‘इन्नक’ म्हणजे खरोखर तू. ‘अफुव्व’ हे अल्लाहच्या नावांपैकी एक, कुरआनमध्ये पाच ठिकाणी आलेलं. ‘तुहिब्बु’ म्हणजे तुला प्रिय आहे, तू प्रेम करतोस. ‘अल अफ्व’ म्हणजे माफ करणं. ‘फ’ म्हणजे म्हणून. ‘अअफु अन्नी’ म्हणजे मला माफ कर. एकूण वाक्यात स्वतःबद्दल फक्त शेवटचा तुकडा आहे. ‘मी रोजे ठेवले’, ‘मी रात्रभर जागले’, असं एकही कारण मागणारा पुढे करत नाही. कारण दिलंय ते अल्लाहच्या स्वभावाचं: तुला हे आवडतं, म्हणून कर. सूरह आराफमध्ये (7:180) अल्लाहला त्याच्या सुंदर नावांनी हाक मारा असं सांगितलंय, त्याचं हे अगदी नेटकं उदाहरण आहे. जे हवं, त्याच्याशी जुळणारं नाव आधी घ्यायचं आणि मग मागायचं.

रमजानमध्ये आपण ‘मगफिरत’ (क्षमा) हा शब्दही सारखा ऐकतो, मग इथे ‘अफ्व’ का? इमाम गझाली (मृत्यू 1111) यांनी अल्लाहच्या नावांवर लिहिताना हा फरक मांडला आहे. मगफिरतीच्या मुळाशी झाकण्याचा अर्थ आहे. लढाईत डोकं झाकणाऱ्या शिरस्त्राणाला अरबीत त्याच धातूवरून ‘मिग्फर’ म्हणतात. अफ्वच्या मुळाशी पुसून टाकण्याचा अर्थ आहे. वाऱ्याने वाळूतले माग पुसले, हे सांगायला अरब हेच क्रियापद वापरत. झाकलेलं खाली असतं, पुसलेलं उरत नाही. गझाली म्हणूनच अफुव्व या नावाला गफूरच्या जवळचं पण अधिक खोल मानतात. अल्लाहची मगफिरत कमी आहे असा याचा अर्थ कोणी काढू नये. त्या रात्री मागायला सांगितलेली गोष्ट किती मोठी आहे, एवढंच यातून कळतं. गुन्ह्याची शिक्षा टळावी एवढ्यावर ही दुआ थांबत नाही, त्याची खूणही राहू नये असं ती मागते. आणि आपण मराठीत रोज बोलतो तो ‘माफी’ हा शब्द याच अरबी धातूतून आलेला आहे. त्यामुळे ‘मला माफ कर’ असं साध्या मराठीत म्हणताना तुम्ही मूळ शब्दापासून लांब गेलेल्या नसता.

सूरह निसामधली एक आयत (4:149) मी इथे नेहमी जोडून शिकवते. भलं उघडपणे करा किंवा लपवून, किंवा एखाद्या वाइटाला माफ करा, तर अल्लाह ‘अफुव्व’ आणि ‘कदीर’ आहे, असा तिचा आशय. कदीर म्हणजे सामर्थ्यवान. बदला घेण्याची पूर्ण ताकद असताना जो सोडतो, तो अफुव्व. हात बांधलेला माणूस गप्प बसतो, त्याला माफी म्हणत नाहीत. हा मुद्दा लक्षात ठेवा, तुमच्या भावाच्या प्रश्नाकडे वळताना तो लागणार आहे.

आता, एवढी इबादत करून पुन्हा माफी कशाची? हा प्रश्न प्रामाणिक आहे आणि तो विचारायला लाजू नये. कुरआन आणि सुन्नत (प्रेषितांची रीत) यांत जिथे जिथे मोठी इबादत पूर्ण होते, तिथे लगेच इस्तिगफार, म्हणजे माफी मागणं, येतो. फर्ज नमाजचा सलाम फिरवल्यावर प्रेषित (सल्ल.) तीनदा ‘अस्तगफिरुल्लाह’ म्हणत, हे सहीह मुस्लिम या हदीससंग्रहात आहे. हजमध्ये अरफातहून निघताना अल्लाहकडे क्षमा मागा, असं सूरह बकरा (2:199) सांगते. मक्का जिंकल्यावर लोक झुंडीने इस्लाममध्ये येऊ लागतील तेव्हा काय करायचं, तर सूरह नस्र सांगते: तस्बीह (अल्लाहचं गुणगान) आणि इस्तिगफार. सूरह जारियातमध्ये (51:17-18) नेक लोकांचं वर्णन आहे की ते रात्री थोडंच झोपत आणि सहरच्या (पहाटेच्या) वेळी माफी मागत. रात्रभर गुनाह करणाऱ्यांबद्दल हे बोलणं नाही. रात्रभर उभं राहणाऱ्यांबद्दल आहे.

दमास्कसचे विद्वान इब्न रजब (मृत्यू हिजरी 795) यांनी नेमका हाच प्रश्न शब-ए-कद्रच्या दुआबद्दल घेतला आहे. त्यांचं म्हणणं असं: अल्लाहला ओळखणारे लोक कष्टाने अमल करतात, आणि मग त्यांना स्वतःच्या पदरात काही चांगलं दिसतच नाही. म्हणून ते चुकलेल्या, कमी पडलेल्या माणसासारखे माफी मागायला येतात. मला स्वतःला यापेक्षा समर्पक उत्तर कुठे सापडलेलं नाही. रोजा ठेवलेला दिवस आठवून पाहा. पोट रिकामं होतं, पण जीभ? सुनेबद्दल, जावेबद्दल, शेजारणीबद्दल काय काय बोललं गेलं? बुखारी या हदीससंग्रहातली हदीस आहे: जो खोटं बोलणं आणि तसं वागणं सोडत नाही, त्याने खाणंपिणं सोडावं याची अल्लाहला काही गरज नाही. ईदच्या नमाजआधी आपण फित्रा देतो. इब्न अब्बास (रजि.) सांगतात, तो गरिबांच्या अन्नासाठी तर आहेच, पण रोजेदाराच्या तोंडून निघालेल्या फालतू आणि अश्लील बोलण्याची शुद्धीही आहे. म्हणजे रोजाला ठिगळ लावावं लागतं हे शरीअतनेच गृहीत धरलंय. म्हणून रमजानच्या शेवटाकडे जाताना मागणं वाढत जातं.

सत्ताविसाव्या रात्रीबद्दल. या रात्रीला आधार आहे, उबय बिन काब (रजि.) शपथेवर सांगत की ती सत्ताविसावीच, आणि हे सहीह मुस्लिममध्ये आहे. पण बुखारीत अबू सईद खुदरी (रजि.) यांची हदीस आहे की एका वर्षी ती एकविसावी होती: पाऊस झाला, मशिदीचं छत गळलं, आणि फज्रनंतर प्रेषितांच्या (सल्ल.) कपाळावर चिखल-पाण्याची खूण दिसली. सर्वसाधारण आदेश शेवटच्या दहामधल्या विषम रात्रींत शोधण्याचा आहे: 21, 23, 25, 27, 29. इस्लामी दिवस सूर्यास्ताला सुरू होतो, म्हणून विसाव्या रोजाचा इफ्तार झाला की एकविसावी रात्र लागते. दरवर्षी कोणीतरी यात एक दिवस चुकतं, म्हणून सांगून ठेवते. मशिदींत रोषणाई आणि गर्दी सत्ताविसाव्याला असते. तिचा आनंद जरूर घ्या, पण बाकीच्या रात्री झोपून काढू नका.

आकड्याबद्दल स्पष्ट सांगते. या दुआला हदीसमध्ये कोणतीही संख्या ठरवून दिलेली नाही. प्रेषित (सल्ल.) स्वतः दिवसात सत्तरहून जास्त वेळा इस्तिगफार करत असं बुखारीत आहे, शंभर वेळांचा उल्लेख मुस्लिममध्ये आहे, पण तो दररोजच्या इस्तिगफारबद्दल आहे. तस्बीहच्या मण्यांवर मोजून मन लागत असेल तर मोजा. मात्र ‘इतक्या वेळा म्हटलं की इतकं साफ’ असा हिशोब दीनच्या नावावर सांगू नये. त्याचप्रमाणे रमजानचे तीन अशरे (दहा-दहा दिवसांचे भाग), पहिला रहमतचा, दुसरा मगफिरतचा, तिसरा जहन्नमपासून सुटकेचा, असं सांगणारी सलमान फारसी (रजि.) यांच्या नावे येणारी हदीस अनेक मुहद्दिसांनी (हदीसच्या अभ्यासकांनी) कमजोर मानली आहे, आणि प्रत्येक अशऱ्याची म्हणून जी वेगळी दुआ कार्डांवर छापून वाटतात, तशी वाटणी कोणत्याही हदीसमध्ये नाही. त्या दुआंचे शब्द चांगले आहेत, म्हणायला हरकत नाही. पण मगफिरत अकराव्या रोजाला सुरू होऊन विसाव्याला संपते, असं कुणी समजू नये.

मग वर्षभराचे गुनाह माफ होतात का? ईमानने आणि सवाबच्या आशेने जो कद्रच्या रात्री उभा राहील त्याचे मागचे गुनाह माफ होतात, ही बुखारी आणि मुस्लिम दोन्हींतली पक्की हदीस आहे. तिच्यावर पूर्ण भरवसा ठेवा. अल्लाह म्हणतो, माझ्या ज्या बंद्यांनी स्वतःवर अतिरेक केला आहे त्यांनी अल्लाहच्या रहमतबद्दल निराश होऊ नये (39:53). फक्त दुसरी हदीसही शेजारी ठेवा: एका रमजानपासून दुसऱ्या रमजानपर्यंतच्या गुनाहांचं प्रायश्चित्त होतं, ‘मोठे गुनाह टाळले तर’. मोठ्या गुनाहांना तौबा लागते, असं बहुतेक उलेमा सांगतात. इमाम नववी यांनी तौबाच्या अटी मोजून दिल्या आहेत: तो गुनाह सोडणं, त्याचा पश्चात्ताप होणं, पुन्हा न करण्याचा निश्चय करणं, आणि गुनाह दुसऱ्या माणसाच्या हक्काशी जोडलेला असेल तर तो हक्क परत करणं. निश्चय मोडला तर? पुन्हा तौबा करा. बंदा गुनाह करतो, माफी मागतो, पुन्हा घसरतो, पुन्हा मागतो आणि अल्लाह पुन्हा माफ करतो, अशी हदीस बुखारी-मुस्लिममध्ये आहे. त्यामुळे ‘मी कुठल्या तोंडाने मागू’ हा विचार मनातून काढून टाका.

यात कोणा माणसासमोर कबुली देण्याची गरज नसते, हेही सांगते, कारण मुली फार घाबरतात. तुमचा जो गुनाह अल्लाहने झाकलाय तो तुम्ही मौलानांना, नवऱ्याला किंवा मैत्रिणीला सांगत बसायचं नाही. ‘माझ्या उम्मतमधल्या सगळ्यांना माफी आहे, स्वतःचे गुनाह जाहीर करणारे सोडून’ अशा अर्थाची हदीस बुखारीत आहे. अल्लाह आणि तुम्ही, एवढ्यातच हे मिटतं.

पण काही गोष्टी या दुआने मिटत नाहीत, आणि इथे मला थोडं कडक बोलावं लागेल. सुटलेले रोजे कजा करावे, म्हणजे नंतर भरून काढावे लागतात. पाळीमुळे किंवा बाळंतपणात सुटले त्यात गुनाह मुळीच नाही, पण ते पुढे ठेवायचे असतात. थकलेली जकात द्यावी लागते. आणि माणसांचे हक्क. उधारीच्या वहीत दोन नावं असतात, घेणाऱ्याचं आणि देणाऱ्याचं, त्यातलं एक दुसऱ्याला न विचारता खोडता येत नाही. सहीह मुस्लिममध्ये मुफलिसची हदीस आहे. प्रेषितांनी (सल्ल.) विचारलं, मुफलिस कोण? सोबत्यांनी सांगितलं, ज्याच्याकडे पैसा-सामान नाही तो. ते म्हणाले, माझ्या उम्मतमधला मुफलिस तो, जो कयामतच्या दिवशी नमाज, रोजे आणि जकात घेऊन येईल, पण त्याने कुणाला शिवी दिलेली असेल, कुणावर आळ घेतलेला असेल, कुणाचा माल खाल्लेला असेल, कुणाला मारलेलं असेल. मग त्याच्या नेक्या त्या लोकांत वाटल्या जातील, आणि नेक्या संपल्या की त्यांचे गुनाह याच्यावर टाकले जातील. त्याच्याकडे रोजे होते, हे नीट वाचा.

म्हणून ज्याचं घेतलंय त्याचं द्या. तो हयात नसेल तर वारसांना द्या. वारसही सापडत नसतील तर त्याच्या नावाने सदका करा, असं उलेमांनी सांगितलंय. एखाद्याची पाठीमागे गीबत केली असेल आणि त्याला जाऊन सांगितल्याने नवं दुखणं सुरू होणार असेल, तर ज्या बैठकीत वाईट बोललात तिथेच त्याच्याबद्दल चांगलं बोला आणि त्याच्यासाठी दुआ करा, असा सल्ला अनेक विद्वानांनी दिला आहे. हजला निघताना आपल्याकडे घरोघर जाऊन ‘कहा-सुना माफ करना’ म्हणायची पद्धत आहे. फार सुंदर पद्धत आहे ही. पण हल्ली शब-ए-बरात किंवा रमजान आला की एकच मेसेज तीनशे जणांना जातो, ‘मेरी कोई गलती हो तो माफ कर देना’, आणि ज्या एका बहिणीचे दागिने परत करायचे असतात तिलाही तोच जातो. तिची माफी तिच्याकडे जाऊन, दागिने हातात ठेवून मागायला हवी.

आता तुमच्या भावाकडे येते. त्याआधी हजरत आयेशांचीच एक हकीकत सांगते.

एका मोहिमेवरून परतताना त्यांचा हार हरवला. तो शोधायला त्या गेल्या, तोवर काफिला निघून गेला. मागून येणारे सहाबी (प्रेषितांचे सोबती) सफवान (रजि.) यांनी त्यांना सुखरूप आणून पोहोचवलं. मदीनेत मात्र त्यांच्या चारित्र्याबद्दल खोटी कुजबूज उठली, जवळजवळ महिनाभर चालली. शेवटी सूरह नूरच्या आयती उतरल्या आणि अल्लाहने त्यांची निर्दोषता जाहीर केली. कुजबूज पसरवणाऱ्यांत मिस्तह नावाचे एक गरीब नातेवाईक होते. त्यांचा खर्च आयेशांचे वडील हजरत अबू बक्र (रजि.) चालवत. स्वतःच्या लेकीवर असा आळ, तोही आपलं अन्न खाणाऱ्याकडून! अबू बक्र यांनी शपथ घेतली की यापुढे मिस्तहला काही देणार नाही. कोणत्या बापाला हे चुकीचं वाटेल? तेव्हा आयत उतरली (24:22): तुमच्यातल्या सुस्थितीतल्या लोकांनी नातेवाइकांना, गरिबांना आणि अल्लाहच्या मार्गात घर सोडून आलेल्यांना न देण्याची शपथ घेऊ नये, ‘त्यांनी माफ करावं आणि दुर्लक्ष करावं. अल्लाहने तुम्हाला क्षमा करावी हे तुम्हाला प्रिय नाही का?’ अबू बक्र म्हणाले, अल्लाहची शपथ, अल्लाहने मला क्षमा करावी हे मला प्रियच आहे. आणि त्यांनी मिस्तहचा खर्च पुन्हा सुरू केला.

आयतीतलं ‘माफ करावं’ हे अफ्वचंच रूप आहे, आणि ‘प्रिय नाही का’ हे दुआमधल्या ‘तुहिब्बु’चंच क्रियापद. दुआमध्ये आपण अल्लाहला म्हणतो, तुला माफ करणं आवडतं. आयतीत अल्लाह आपल्याला विचारतो, तुम्हाला माफ होणं आवडत नाही का? या दोन वाक्यांच्या मधे कोणीतरी एक मिस्तह उभा असतो. ज्या घरावर हा आळ आला त्याच घरातल्या आयेशांनी आपल्याला ही दुआ पोहोचवली, हे मी शिकवताना कधी सोडत नाही.

आणि दुसरी हदीस, तीही बुखारीतली. प्रेषित (सल्ल.) एकदा कद्रची रात्र नेमकी कोणती हे सांगायला बाहेर आले. तेव्हा दोन मुसलमान आपसात भांडत होते, आणि ते ज्ञान उचलून घेतलं गेलं. पुढे ते म्हणाले, कदाचित यातच तुमचं भलं असेल, आता शेवटच्या दहांमधल्या नवव्या, सातव्या, पाचव्या रात्रीत शोधा. आपण आजही पाच-पाच रात्री जागून शोधतो, त्यामागे दोन माणसांचं एक भांडण आहे. सोमवारी आणि गुरुवारी क्षमा वाटली जाते, पण ज्या दोघांत वैर आहे त्यांच्याबद्दल ‘समेट होईपर्यंत यांना थांबवा’ असं म्हटलं जातं, ही मुस्लिममधली हदीस तुम्ही ऐकली असेल.

तर, अशा मनाने दुआ म्हटली तर चालते का? म्हणाच. मन साफ होईपर्यंत दुआ थांबवायची असं कुठेही नाही, मन साफ व्हावं म्हणूनही हीच दुआ आहे. पण भावाला सलाम करायला सुरुवात करा. तीन रात्रींहून जास्त अबोला धरणं हलाल नाही आणि दोघांत चांगला तो जो आधी सलाम करतो, हे बुखारी-मुस्लिम दोन्हींत आहे. फोन करा, ईदआधी इफ्तारला बोलवा. त्याने उत्तर नाही दिलं तर तुमच्याकडून तुमचं काम झालं.

हिश्श्याचं मात्र वेगळं आहे, आणि या दोन गोष्टींची गल्लत आपल्या समाजात फार होते. आईबापांनी मागे ठेवलेल्यात, थोडं असो वा जास्त, बायकांचा ठरलेला हिस्सा आहे, असं कुरआन सांगतो (4:7). वारसा-वाटपाच्या आयतींनंतर लगेच (4:13-14) ‘या अल्लाहच्या मर्यादा आहेत’ असं सांगून त्या ओलांडणाऱ्याला आगीचा इशारा दिला आहे. तुमचा हिस्सा तुम्हाला मिळाला नसेल तर सलाम-कलाम सुरू ठेवूनही तुम्ही तो मागू शकता, चार वडीलधाऱ्यांना मधे घालू शकता, गरज पडली तर कोर्टातही जाऊ शकता. त्याने माफीला बाधा येत नाही. तुम्ही स्वखुशीने काही सोडलंत तर तो अफ्व, आणि त्याचा मोबदला अल्लाहकडे आहे (42:40). त्याच आयतीत जेवढं वाईट तेवढाच बदला घेण्याचा हक्कही मान्य केलेला आहे. रमजानमध्ये बहिणीला ‘माफ करना बडा सवाब है’ असं सांगून हक्कसोडपत्रावर सही घेणारे भाऊ मी पाहिलेत. दबावाने घेतलेल्या सहीला अफ्व म्हणत नाहीत. वर अफुव्व आणि कदीर एकत्र आल्याचं सांगितलं ते यासाठीच: सोडण्याचं बळ आधी हातात असावं लागतं. ज्यांनी मारहाण सोसली, अत्याचार सोसला, त्यांच्यावर तर कुणीही शब-ए-कद्रचं नाव घेऊन माफीची सक्ती करू नये. त्यांचं मन कधी तयार होईल ते त्यांचं त्यांना ठरवू द्यावं.

आता थोडं रोजच्या उपयोगाचं. दुआ कधी म्हणायची? दहाही रात्री, केव्हाही. रात्रीच्या शेवटच्या तिसऱ्या भागात ‘कोण माफी मागतो, मी त्याला माफ करीन’ अशी हाक असते, हे बुखारी-मुस्लिममध्ये आहे, आणि रमजानमध्ये आपण सहरीला त्या वेळी जागे असतोच. भांडी उद्या घासली तरी चालतील, अजानच्या आधीची दहा मिनिटं जपा. पाळीच्या दिवसांत नमाज आणि रोजा नसतो, पण दुआ, जिक्र, इस्तिगफार सगळं करता येतं, तेव्हा शेवटच्या दहा रात्रींत पाळी आली म्हणून रडू नका. ही दुआ तुमच्यासाठी तेवढीच खुली आहे. नमाजबाहेर मराठीत मागायला काहीच अडचण नाही. नमाजच्या आत मात्र अरबी शब्दच ठेवा. कोकणातले शाफई पंथाचे लोक रमजानच्या दुसऱ्या पंधरवड्यात वित्रमध्ये (रात्रीच्या शेवटच्या नमाजमध्ये) कुनूत ही दुआ पढतात. तुम्ही त्या जमातीत उभ्या असाल तर इमामांच्या दुआवर आमीन म्हणा आणि ही दुआ नंतर आपली आपण मागा. जमातीसाठी किंवा घरच्या सगळ्यांसाठी हात उचलले तर ‘अन्नी’ऐवजी ‘अन्ना’ म्हणावं, म्हणजे ‘आम्हाला माफ कर’. देवनागरीत ‘ऐन’ हे अक्षर उतरत नाही, आणि ते या दुआमध्ये चार वेळा आहे, म्हणून चांगलं वाचणाऱ्या कुणाकडून एकदा ऐकून घ्या. ‘अफुव्वुन’मधला व दोनदा उच्चारायचा, हे जास्त करून चुकतं.

आणि भावासाठी एक दुआ. मूसा (अलै.) तूर पर्वतावरून परतले तेव्हा त्यांची कौम वासराची पूजा करत होती. रागाच्या भरात त्यांनी सख्ख्या भावाला, हारून (अलै.) यांना, डोक्याला धरून ओढलं. हारून म्हणाले, ‘माझ्या आईच्या मुला, या लोकांनी मला दुबळं समजलं, मला मारूनच टाकणार होते. शत्रूंना माझ्यावर हसायची संधी देऊ नकोस.’ त्यावर मूसांनी जी दुआ केली ती सूरह आराफच्या 151व्या आयतीत आहे: ‘रब्बिगफिर ली व लिअखी व अदखिलना फी रहमतिक व अन्त अरहमुर राहिमीन.’ हे माझ्या पालनकर्त्या, मला आणि माझ्या भावाला क्षमा कर, आम्हाला तुझ्या रहमतीत दाखल कर, तू सर्वांहून अधिक दया करणारा आहेस. ‘फअफु अन्नी’च्या जोडीला या दहा रात्री तीही म्हणा.